तीन टर्क्या आणि दोन वाजताचं जेवण

नोव्हेंबर अर्धा सरला की इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला, दिवस उजाडतो तो केवळ रीत म्हणून. नऊच्या सुमारास जरा पांढुरकं होतं, साडेचारला कुणीतरी बटण दाबल्यासारखं संपतं, आणि मधल्या वेळात पाऊस पडत नसला तर नुकताच पडून गेलेला असतो. याच दिवसांत सुपरमार्केटच्या दाराशी जाळीच्या पिशव्यांत भरलेले स्प्राउट्स, म्हणजे लिंबाएवढे कोबीचे गड्डे, येतात, खाटकाच्या काउंटरवर टर्कीच्या ऑर्डरची हातानं लिहिलेली पाटी लागते, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप, जो गणपती विसर्जनानंतर निपचित पडलेला असतो, तो जागा होतो. कुणीतरी नवा आलेला इंजिनिअर अगदी निरागसपणे विचारतो, "टर्की नक्की कशी करतात? कुणाला अनुभव?"

काल तो प्रश्न आला. भाजी फोडणीला टाकून मी वळले तोवर त्यावर चाळीस उत्तरं होती. मिठाच्या पाण्यात बुडवा. अजिबात बुडवू नका. छाती खाली करून ठेवा. पिशवीत घाला. दह्यात मुरवा. एकानं आलेख जोडला होता. मी फोन पालथा घातला आणि भाजीत पाणी घातलं. अनुभव मला आहे. तो मी ग्रुपवर टाकणार नाही.

टर्की हा पक्षी मला कधीच कळलेला नाही. वर्षातले बाकीचे दिवस त्याची कुणाला आठवण होत नाही. कुणी आजारी माणसाला टर्कीचं सूप पाठवत नाही, कुणी पोराच्या वाढदिवसाला टर्की मागत नाही. मग एका दिवशी अख्खा देश तिच्यापुढे हात जोडून उभा राहतो. तिच्यावर जे काही करायचं, मीठ, लोणी, दोरा, ओली फडकी, ते सगळं ती टर्कीसारखी लागू नये म्हणून. आणि हे साधलं तर सर्वोच्च पावती अशी मिळते, "अगदी चिकनसारखी झालीय." मग चिकनच का आणलं नाही, असं मी या देशात दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा माझ्याकडे असं पाहिलं गेलं, जणू मी वरातीत नवरदेवाला विचारलं होतं, घोडा कशाला, घर तर समोरच आहे.

थाटाला आपण नावं ठेवावीत असंही नाही. आपल्याकडे रुखवतात लाडवांचं तुळशीवृंदावन करून मांडतात, ते बघायला मांडवभर बायका येतात, आणि तो लाडू पुढे कुणी खाल्ला हे आजवर कुणाला कळलेलं नाही. टर्की हे इथलं रुखवत. ती अख्खी टेबलावर आली पाहिजे, तपकिरी, फुगलेली, पाय आकाशाकडे. फोटो झाला की तिला आत नेऊन कापतात आणि तोवर गार झालेले तुकडे वाढतात. फरक इतकाच की रुखवताचा लाडू खावा लागत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे, इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. आमच्यासारख्यांमध्ये एक अदलाबदल ठरून गेलेली असते. नाताळची ड्युटी आम्ही घ्यायची, दिवाळी आणि गणपती आम्हाला मोकळे मिळतात. आयरिश सहकारी त्याबद्दल इतके कृतज्ञ असतात की पहिल्या वर्षी मला वाटलं, आपण काहीतरी थोर केलं. सहा नाताळ मी असे थोरपणात काढले. पंचवीस तारखेला सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बस नाही, दुकान नाही, सिग्नल उगाच लाल-हिरवे होत राहतात. थिएटरमध्ये मात्र कुणाचं तरी अपेंडिक्स असतं, कुणीतरी नव्या सायकलवरून पडलेलं असतं, आणि एक बाळ ठरवून त्याच दिवशी आडवं येतं. कॅन्टीनचं ताट नर्स मंडळी माझ्यासाठी फॉइलखाली झाकून ठेवत. ते मी कधी चारला खाल्लं, कधी सहाला, पण बसून एकदाही नाही. एका हातात काटा, दुसऱ्या हातात फोन, डोक्यावर कुणीतरी हौसेनं चढवलेला कागदी मुकुट. एका वर्षी तो मुकुट काढायला विसरून मी एका आजोबांना ऑपरेशनची संमती विचारायला गेले. ते म्हणाले, महाराणीनं सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं.

घरी आले की मिलिंद आणि रेवा सोफ्यावर पेंगत असत आणि काय काय खाल्लं ते सांगत. मिलिंद माझा नवरा. रेवा आमची मुलगी. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर पक्क्या लिमरिकच्या हेलातल्या इंग्रजीत देते.

चार वर्षांपूर्वी, सातव्या नाताळला, रोस्टर करणाऱ्या बाईंनी आपणहून माझं नाव वगळलं. "तू आता घरी बस," त्या म्हणाल्या. मला काय वाटलं ते सांगताना जरा संकोच होतो, कारण मी सणावारांनी हळवी होणारी नाही. पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी एक गोष्ट ठरवली. पंचवीस तारखेला दुपारी दोन वाजता मी टेबलाशी बसणार. गरम जेवण असेल. ते मी केलेलं नसेल. कुणीतरी माझ्या ताटात वाढेल, आणि मी ते सगळं, तिथंच बसून, संपेपर्यंत खाणार. एवढंच. घरी येऊन तसं सांगितलं. रेवानं टॅबलेटमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "खरंच बसणार आहेस, मॅम? अख्खा वेळ?" मॅम म्हणजे इथल्या पोरांची आई. अकरा वर्षांची होती ती तेव्हा. मी म्हटलं, अख्खा वेळ.

मिलिंद म्हणाला, "तू काहीच करायचं नाहीस. मी बघतो सगळं."

इथेच मला घाबरायला हवं होतं.

मिलिंद हृदयाच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याचं काम नळी बनवायचं नाही. नळी जशी बनवायची ठरली आहे तशीच बनते आहे, हे कागदावर सिद्ध करायचं. या कामानं माणसाचा स्वभाव बदलतो. आमच्या घरी कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा याचाही एकदा तक्ता झाला होता. त्यानं परागला फोन केला. पराग आमच्यापासून गाडीनं पाच मिनिटांवर राहतो, औषधांच्या कारखान्यात काम करतो, आणि त्याचं ठाम मत होतं की टर्की एक रात्र आणि एक दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय ओव्हनमध्ये घालणं हा अडाणीपणा आहे. मिलिंदचं मत त्याहून ठाम होतं. कातडीखाली बोटं सरकवून लोणी आत सारायचं, कातडी फाटू न देता, पार मांडीपर्यंत. नळ्यांतच वावरणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. मग दोघांनी खानोलकरांना विचारलं. खानोलकर कासलबारला हाडांचे सर्जन आहेत, मूळचे सावंतवाडीचे, पन्नाशीचे. त्यांची बायको-मुलं त्या डिसेंबरात गावी गेली होती म्हणून ते नाताळला आमच्याकडे येणार होते.

"पाठीचा कणा काढायचा," खानोलकर स्पीकरवरून म्हणाले. "दोन्ही बाजूंनी कापायचा, पक्षी उलटा करायचा, छातीवर हात ठेवून एक जोर द्यायचा. कट् असा आवाज आला की झालं. पुस्तकासारखी उघडते. दीड तासात तयार."

"पण मग ती टर्की दिसणार कशी?" मिलिंद.

"अपघात झाल्यासारखी. पण तुम्ही खाणार आहात की शोकेसमध्ये ठेवणार?"

मला ते त्या क्षणी फार पटलं. पुढं जे झालं त्यात खानोलकरांचा वाटा सर्वांत मोठा आहे, म्हणून हे नोंदवून ठेवते.

तीन माणसं, तीन पद्धती. सामान्य घरात अशा वेळी भांडण होतं, एक जण जिंकतो आणि एक टर्की येते. आमच्याकडे ठरलं की तीन टर्क्या आणायच्या आणि तुलना करायची. जेवणारी माणसं सहा: आम्ही तिघं, पराग, त्याची बायको सोनाली, आणि खानोलकर. खाटकानं मिलिंदला विचारलं म्हणे, हॉटेल आहे का.

शेजारच्या ब्रीडाला मी हे कुंपणावरून सांगितलं. ब्रीडा सत्तरीची, चार मुलं वाढवलेली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी मलमलचं फडकं वितळलेल्या लोण्यात बुडवते, छातीवर टाकते, ओव्हनमध्ये ढकलते आणि चर्चमध्ये मासला जाते. परत येईपर्यंत ग्रँड झालेली असते."

"पण किती वेळ?"

"ते फादरवर आहे. बोलका असला तर जरा जास्त करपते."

मी हे मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, यात खूप व्हेरिएबल्स आहेत.

त्या डिसेंबरची चव मला आजही आठवते ती कशाची, तर वाट पाहण्याची. स्वयंपाकघरात थाईम आणि कांद्याचा वास भरून राहिलेला, कारण स्टफिंगचीही चाचणी झाली होती. दारातले ओले कोट. परागच्या गॅरेजमध्ये, जिथे श्वासाची वाफ दिसत होती, निळ्या बादलीत मिठाच्या पाण्याखाली बुडालेला तो पांढराफटक पक्षी. वर तरंगणारी तमालपत्रं आणि, परागनं चोरून टाकलेल्या, चार मिरी-लवंगा. मला ते दृश्य आमच्या शवविच्छेदनाच्या वर्गासारखं वाटलं. मी तसं म्हटल्यावर पराग म्हणाला, "वहिनी, यार, जेवणाबद्दल असं नका बोलू."

प्रोटोकॉल परागनं लिहिला. सात पानं. त्यात उद्देश होता, व्याप्ती होती, जबाबदाऱ्या होत्या. माझ्या नावापुढे 'नाही' असं लिहिलं होतं, ते वाचून मला भरून आलं. मग खानोलकरांनी हरकत घेतली. कुठली टर्की कुणाची हे खाणाऱ्यांना कळलं तर निकालाला काही अर्थ नाही, प्रत्येक जण आपलीच उत्तम म्हणणार. म्हणून टर्क्यांना अक्षरं द्यायची, ए, बी आणि सी, आणि कुठलं अक्षर कुठल्या पद्धतीचं हे फक्त एकाच माणसाला माहीत असणार. ते काम सोनालीकडे आलं, कारण ती औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करते.

सोनालीनं माझ्याकडे पाहिलं. "मेधा, हे खरंच चाललंय का?"

"मला विचारू नकोस. माझ्यापुढे 'नाही' लिहिलंय."

तिनं तीन चिठ्ठ्या केल्या, वाडग्यात टाकल्या, काढल्या, कुठलं अक्षर कुणाचं ते लिहून पाकीट बंद केलं. काम म्हणून ते अगदी निर्दोष होतं.

चोवीसच्या संध्याकाळी तिन्ही टर्क्या आमच्या घरी आल्या. परागची पाण्यातून काढून, पुसून कोरडी केलेली. सोनालीनं प्रत्येकीच्या पायाला अक्षराचा कागद बांधला. बघायला तिघी सारख्याच. लोणी सारायचं आणि कणा काढायचं काम सकाळी व्हायचं होतं. तेव्हा राहिलं होतं फक्त मीठ. जी पाण्यात होती तिला मीठ नको, बाकी दोघींना वरून चोळायचं. मिलिंदनं प्रोटोकॉल उघडला. त्यात लिहिलं होतं, ए आणि सी यांना मीठ. त्यानं हातमोजे घातले आणि ए आणि सी यांना, वजन करून, मीठ चोळलं.

प्रोटोकॉल परागनं चिठ्ठ्या काढायच्या आधी लिहिला होता. तेव्हा त्यानं सोयीसाठी स्वतःच अक्षरं लावून आपली टर्की बी धरली होती. चिठ्ठीत ती ए निघाली. सुधारलेली प्रत काढायची राहून गेली.

म्हणजे जी टर्की एक रात्र आणि एक दिवस मिठाच्या पाण्यात बसली होती, तिलाच पुन्हा मीठ चोळलं गेलं. आणि बी, म्हणजे मिलिंदची स्वतःची, हिला मीठ लागलंच नाही. त्यात त्यानं लोणीही बिनमिठाचं आणलं होतं, मिठाचं प्रमाण नियंत्रणात राहावं म्हणून. आयर्लंडमध्ये बिनमिठाचं लोणी शोधायला त्याला तीन दुकानं फिरावी लागली होती. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. ज्या दोन माणसांना पगार मिळतो तो कारखान्यात कुणी जुनी प्रत वापरू नये म्हणून, त्या दोघांनी, सुट्टीच्या दिवशी, आपल्या स्वयंपाकघरात, जुनी प्रत वापरली.

पंचवीसची सकाळ मात्र सुंदर होती. पाऊस नव्हता. मी साडेनऊपर्यंत झोपले, चहा कुणीतरी आणून दिला. स्वयंपाकघरातून खानोलकरांचा जोर ऐकू आला आणि पाठोपाठ तो आवाज. रेवा म्हणाली, "ओह, हे अगदीच घाण आहे," आणि बघत उभी राहिली. सोनालीनं मेसेज करून कुठली कुणाची ते स्वयंपाक्यांपुरतं जाहीर केलं; खाताना मात्र तुकडे मिसळून येणार होते. ओव्हन तीन लागणार होते. ए परागच्या घरी. बी आमच्याकडे. सी शेजारी, कारण ब्रीडा मुलाकडे एनिसला जेवायला गेली होती आणि किल्ली देऊन गेली होती. "काही पेटवू नका," एवढंच तिनं बजावलं होतं.

सी साडेबाराला तयार झाली. मी शेजारी जाऊन पाहिली. कातडी मधाच्या रंगाची, काठांना कुरकुरीत, ट्रेमध्ये सोनेरी रस साठलेला, मांडीला काटा लावला तर तो आपोआप आत गेला. अपघात झाल्यासारखी दिसत होती, पण फार सुखाचा अपघात. मी परत आले आणि ताटं मांडलेल्या टेबलाकडे पाहिलं. पावणेदोनला बटाटे झाले. स्प्राउट्स झाले, गाजरं झाली, ग्रेव्हीचं पाणी उकळत होतं. दोन वाजले.

"ती सी आणा ना," मी म्हटलं.

मिलिंद ओव्हनसमोर मांडी घालून बसला होता. त्यानं बीमध्ये तापमानाच्या चार तारा खुपसल्या होत्या आणि त्या दारातून बाहेर काढून लॅपटॉपला जोडल्या होत्या. तारांमुळे दार पूर्ण लागत नव्हतं. दार लागत नव्हतं म्हणून ओव्हन तापत नव्हता. तापत नव्हता म्हणून तो दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होता.

"अगं, एकत्रच चाखायचं ठरलंय."

"मिलिंद, दोन वाजले."

"मांडी अजून अठ्ठेचाळीसवर आहे."

मी खानोलकरांकडे वळले. ते खिडकीशी उभे राहून वाइन घेत होते. "खानोलकर, तुमचीच आहे ती. झालीय. आपण खाऊ."

"डॉक्टरीणबाई," ते अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, ज्या आवाजात ते पेशंटना प्लास्टर अजून तीन आठवडे ठेवायला सांगत असणार, "एकदा जीभ सीला सरावली की बाकी दोघींवर अन्याय होईल. मंद आचेवर राहू दे. काही होत नाही."

मी विचार करते, जगात किती चांगल्या गोष्टी अशा वाया गेल्या असतील. तयार असताना, शेजारच्या घरात, केवळ इतरांची वाट बघत. समित्यांमध्ये, लग्नांत, रुग्णालयात तर रोजच. पण ते विचार आत्ताचे. तेव्हा मला फक्त भूक लागली होती.

तीनला पराग ए घेऊन आला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून. तिला टॉवेलात गुंडाळून ठेवलं. साडेतीनला रेवानं कोरडा ब्रेड खाल्ला. चारला अंधारू लागलं. सोनाली आणि मी सोफ्यावर बसून एक एक गार बटाटा खात होतो, आणि ती तिच्या ऑफिसात झालेल्या चाचण्यांच्या गोष्टी सांगत होती, ज्यात शेवटी औषध कसोटीला उतरतं पण तोवर पेशंट कंटाळून निघून गेलेले असतात. साडेचारला मी आत गेले. चारही तारा उपटल्या, दार गच्च लावलं आणि आच वाढवली. तो म्हणाला, "डेटा गेला." मी म्हटलं, "जाऊ दे."

सव्वापाचला तिन्ही टर्क्या ओट्यावर होत्या. गुणपत्रिका वाटल्या गेल्या. रसाळपणा, कातडी, आणि एक रकाना 'एकूण भावना'. सगळे उभे. तीन बशा आल्या. परागनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले.

"एला कुणी मीठ लावलं?" सोनालीनं विचारलं. तिनं तो तुकडा हातात थुंकला होता.

"मी," मिलिंद म्हणाला. "प्रोटोकॉलप्रमाणे."

"कुठल्या प्रोटोकॉलप्रमाणे? ए म्हणजे पराग. चिठ्ठ्या काढल्यावर प्रत बदलायला मी तुम्हाला सांगितलं होतं."

पराग खिशातून घडी केलेली सात पानं काढून वाचत होता. मग त्यानं हळूच म्हटलं, "शिट, यार. व्हर्जन वन."

बीला काही चवच नव्हती, आणि मांडीजवळ ती गुलाबी होती. सीचं साडेबाराचं सोनं चार-पाच तासांत वाळून झाडाची साल झालं होतं. खानोलकरांनी तो तुकडा बराच वेळ चावला. "हाडं चांगली आहेत," ते म्हणाले.

मग जे व्हायचंच होतं ते झालं. परागनं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "वहिनी, सॉर्टेड आहे. तिन्ही एकत्र घाला. मतलब, एचं मीठ बीला होईल, सी रस्स्यात मऊ होईल. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा, झणझणीत. अर्ध्या तासाचं काम."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खानोलकरांनीसुद्धा, आशेनं. मिलिंदनं तर वरच्या कपाटाचं दार उघडलं, ज्यात सुकं खोबरं असतं. आणि त्रास याचाच होता की परागचं बरोबर होतं. त्या तीन टर्क्यांना तेवढाच एक मार्ग होता. माझे हात ते वाटण झोपेत लावू शकतात. अर्ध्या तासात सगळे बोटं चाटत बसले असते, मी ओट्याशी उभी राहून कुणाला अजून हवंय का विचारत असते, आणि पुढची अनेक वर्षं ग्रुपवर ही गोष्ट मेधानं टर्की कशी वाचवली म्हणून सांगितली गेली असती.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, मी कांदा चिरून देतो," मिलिंद.

"नाही."

मी टेबलाशी गेले. खुर्ची ओढली. बसले. समोर रिकामं ताट होतं, बाजूला दुपारी बारा वाजल्यापासून ठेवलेला काटा आणि सुरी. "मी सुट्टीवर आहे," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. आमच्या धंद्यात तो चढवत नाहीत.

मग रेवा आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिनं मांडीवर नॅपकिन घेतला, शाळेत शिकवल्यासारखा. मागोमाग सोनाली आली. "बसा हो," ती ओट्याकडे बघून म्हणाली, "का व्हर्जन टूची वाट बघताय?" पराग आला. खानोलकरांनी आपला ग्लास आणला.

"पण हे असं कसं खायचं?" मिलिंद अजून तिकडेच उभा होता, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात तारांचं भेंडोळं.

"ताटात घेऊन."

त्यानं भेंडोळं खाली ठेवलं. बीची छाती शिजलेली होती, तेवढी त्यानं कापली. एच्या पातळ चकत्या काढल्या, अगदी कागदासारख्या. ते मात्र त्याला छान जमतं. सीच्या तंगड्या ग्रेव्हीत टाकल्या. सोनालीनं एची एक चकती बीच्या चकतीवर ठेवली, दोन्ही एका घासात खाल्ल्या, आणि डोकं हलवलं. रेवानंही तसंच करून पाहिलं. "असं खाल्लं तर ग्रँड आहे," ती म्हणाली. बटाटे गार होते. स्प्राउट्सना सकाळपासूनचा वास येत होता. बाहेर पूर्ण अंधार झाला होता आणि घड्याळात पावणेसहा वाजत होते.

गुणपत्रिका ओट्यावर राहिल्या. पराग आणि खानोलकर यांनी दोन घासांनंतर पुन्हा सुरुवात केली, मीठ आधी की नंतर, पण बसून. मी माझं ताट संपवलं. हाडापर्यंत, शेवटच्या स्प्राउटपर्यंत. मग ते थोडं पुढं सरकवलं.

मिलिंद उठला. ट्रेपाशी जाऊन तो थांबला. "कुठली वाढू? एची आवडली की बीची?"

"विचारू नकोस," मी म्हटलं. "वाढ."

त्यानं वाढलं.